पाळीव प्राण्याच्या फोटोवरून कोरलेला चेहरा ओळखू येत नाही तेव्हा: कारणे आणि निवारण

घरातला कुत्रा किंवा मांजर गेल्यानंतर त्याच्या फोटोवरून लाकडात अथवा दगडात कोरीव स्मृतिचिन्ह करून घेणारी कुटुंबे आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गावांतही भेटतात, आणि त्यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. लाकूड चांगले असते, काम सफाईदार असते, मेहनतही दिसते, पण चेहरा ओळखीचा वाटत नाही. मालवणी घरात ही तक्रार एका वाक्यात संपते: “हो आमचो मोती न्हय.” पैसे परत मिळाले तरी हे दुःख कमी होत नाही, कारण ज्याची आठवण जपायची त्याच्या जागी एक परका कुत्रा भिंतीवर येऊन बसलेला असतो. म्हणून हा दोष नेमका कोठे निर्माण होतो आणि तो कसा टाळता येतो, हे येथे सविस्तर मांडत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा वेळी दोष मशीनला किंवा मेस्त्रींच्या हाताला दिला जातो, परंतु बहुतेक कामांत पटाशी लाकडाला लागण्यापूर्वीच चेहरा हरवलेला असतो. फोटो उजेडाची नोंद करतो, तर कोरीवकामाला उंचसखलपणा लागतो. एकाचे दुसऱ्यात रूपांतर माणसाने विचारपूर्वक करावे लागते. ते रूपांतर कोणीच न करता फोटो थेट मशीनकडे गेला, की पुढची सर्व कुशलता चुकीच्या आकारावर खर्च होते.

उठावाच्या कामात नाक खड्ड्यात का जाते

लाकडात उठाव, म्हणजे पृष्ठभागातून वर आलेला आकार, काढणाऱ्या सीएनसी राउटरला (संगणकाच्या सूचनेनुसार लाकूड कोरणाऱ्या यंत्राला) करड्या छटांचे चित्र दिले, तर त्याचे सॉफ्टवेअर साधा नियम पाळते: जेथे पांढरे तेथे लाकूड उंच ठेवायचे आणि जेथे काळे तेथे खोल खणायचे. उंचीचा नकाशा म्हणून मुद्दाम तयार केलेल्या चित्रासाठी हा नियम बरोबर आहे. फोटोला तो लावला, की अनर्थ होतो. कुत्र्याच्या चेहऱ्यावर समोरून पाहताना सर्वांत पुढे असते ते नाक, आणि बहुतेक कुत्र्यांचे नाक काळे असते, त्यामुळे जो भाग सर्वांत उंच हवा तोच सर्वांत खोल खड्डा होतो. कपाळावर पांढरा पट्टा असेल तर तेथे टेंगूळ येते. काळ्या कानांच्या जागी भोके पडतात, आणि अंगणातल्या उन्हाने गालाच्या एका बाजूवर चमक आली असेल तर ती बाजू सुजल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण चेहरा आजारी किंवा रागावलेला वाटतो.

हा दोष ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. तयार कामावर एका बाजूने तिरपा टॉर्च धरावा आणि बोट नाकाच्या शेंड्यावरून कपाळाकडे न्यावे. बोट खाली उतरण्याऐवजी शेंड्यापासूनच वर चढत असेल, तर फोटोची छटा हीच उंची समजून काम झाले आहे, यात शंका उरत नाही.

उपाय म्हणजे उंचीचा नकाशा स्वतंत्रपणे तयार करणे. त्यासाठी गिंपसारखा चित्र-संपादनाचा मोफत प्रोग्राम पुरतो. फोटो खालच्या थरात ठेवून त्यावर नवा थर घ्यावा आणि प्राण्याचा रंग पूर्णपणे विसरून केवळ “हा भाग पाहणाऱ्याच्या किती जवळ आहे” या एकाच प्रश्नाचे उत्तर छटांनी भरावे. समोरून घेतलेल्या लांब तोंडाच्या कुत्र्यात नाकाचा शेंडा सर्वांत पांढरा, त्याखालोखाल तोंडाचा पुढे आलेला भाग, मग भुवयांचा उंचवटा, कपाळ, गाल, कानांची मुळे, आणि सर्वांत मागे मान. डोळे भुवईपेक्षा खोल पण खोबणीत बसलेल्या गोट्यांसारखे फुगीर असतात, त्यामुळे डोळ्याच्या जागी सपाट काळा ठिपका देऊन भागत नाही. मांजराच्या चेहऱ्यात हा उतार फार कमी असतो. तेथे गालांची गोलाई आणि डोळ्यांचा तिरपेपणा नीट पकडला नाही, तर कोणतेही मांजर कोणत्याही मांजरासारखे दिसू लागते.

अलीकडे एकाच फोटोवरून खोलीचा अंदाज बांधणारे एआय प्रोग्राम मिळतात आणि ते नाक पुढे, कान मागे एवढा मूळ क्रम सहसा बरोबर लावतात. पहिला कच्चा नकाशा म्हणून त्यांचा उपयोग मी योग्य मानतो. परंतु ते केस गुळगुळीत करून टाकतात आणि ओठांची कड, पापणी, कानाची चीर अशा बारीक जागा पुसतात, म्हणून त्यावर हाताने काम केल्याशिवाय नकाशा मशीनला देऊ नये. नकाशा जेपीजी स्वरूपात साठवणेही टाळावे. जेपीजीत चौकोनी ठोकळ्यांचा सूक्ष्म गोंगाट राहतो, तो स्क्रीनवर दिसत नाही, पण मशीन त्याला खरा उंचसखलपणा मानून गुळगुळीत कपाळावर खरखर उमटवते. १६ बिटची पीएनजी किंवा टिफ फाइल ठेवली, म्हणजे ही अडचण येत नाही आणि उतारावर पायऱ्याही दिसत नाहीत.

येथे कोकणातल्या माणसाला हाताशी असलेला एक मार्ग मला सॉफ्टवेअरपेक्षाही भरवशाचा वाटतो. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पंचक्रोशीत गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना, असते, आणि तेथील मूर्तिकाराचा हात शाडूत उठाव काढण्याला सरावलेला असतो. फोटो थेट मेस्त्रींना देण्याऐवजी आधी मूर्तिकाराकडून शाडूत, प्रत्यक्ष मापाचा, कच्चा चेहरा करून घ्यावा आणि तो घरातल्या सर्वांना दाखवावा. मातीत नाक दोन मिलिमीटर पुढे आणणे, गाल चेपणे, कान खाली पाडणे हे चार मिनिटांचे काम असते, तर लाकडात एकदा गेलेला भाग परत येत नाही. “याचे तोंड एवढे रुंद नव्हते” हे घरच्या माणसाला फोटो पाहून सांगता येत नाही, मातीचा चेहरा हातात घेतल्यावर मात्र लगेच सांगता येते. चेहरा पटला, की तोच नमुना समोर ठेवून मेस्त्री हाताने कोरू शकतात किंवा त्याचे सर्व बाजूंनी फोटो घेऊन मशीनसाठी नकाशा करता येतो. गणेशचतुर्थीच्या आधीचे दोन-तीन महिने मात्र शाळेत कोणालाही असे काम सांगू नये. दिवाळीनंतर मूर्तिकारालाही सवड असते आणि, पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, लाकडासाठीही तोच काळ चांगला असतो.

कोणता फोटो घ्यावा

शोकात असलेले कुटुंब बहुधा सर्वांत लाडका फोटो आणते, आणि तो कोरण्यासाठी सर्वांत योग्य असतोच असे नाही. तरीही तो बाजूला ठेवायला सांगणे मला मान्य नाही. लाडक्या फोटोतली मान वळवण्याची किंवा जीभ काढण्याची लकब हीच त्या प्राण्याची ओळख असते. मुद्रा त्या फोटोतली घ्यावी, पण चेहऱ्याचा आकार ठरवण्यासाठी आणखी किमान दोन फोटो मागावेत: एक बाजूने घेतलेला, ज्यात नाकापासून कपाळापर्यंतचा उतार दिसतो, आणि एक ढगाळ उजेडात किंवा पडवीत घेतलेला, ज्यात सावल्या मऊ आहेत. जुन्या व्हिडिओत अशी क्षणचित्रे अनेकदा सापडतात, म्हणून फोटो नाहीत असे उत्तर आले तर व्हिडिओ तपासण्याची विनंती जरूर करावी.

मोबाइल अगदी जवळ नेऊन घेतलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान लहान होऊन मागे जातात. हा भिंगाचा नव्हे, तर अंतराचा परिणाम आहे, कारण नाक आणि कान यांच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरातला फरक जवळून घेतलेल्या फोटोत प्रमाणाबाहेर मोठा ठरतो. असा फोटो स्क्रीनवर गोड वाटतो, पण जसाच्या तसा कोरला की प्राणी विद्रूप दिसतो. दोन मीटरच्या आसपास उभे राहून झूम वापरून घेतलेला फोटो प्रमाण नीट देतो. ज्यांचा प्राणी आज म्हातारा किंवा आजारी आहे, त्यांनी असे तीन-चार फोटो आत्ताच, शांतपणे घेऊन ठेवावेत, असे मी मनापासून सांगेन.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि केसांचा तपशील तेथेच जातो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल पोहोचते. लेझरच्या, म्हणजे प्रखर किरणाने पृष्ठभागावर चित्र उमटवण्याच्या, कामाला किती तपशील लागतो याचा हिशेब सोपा आहे: रेषांमधले अंतर ०.१ मिलिमीटर ठेवले, तर दर मिलिमीटरला १० रेषा येतात, म्हणजे १२ सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्यासाठी केवळ चेहऱ्याचाच भाग किमान १,२०० पिक्सेल रुंद हवा. अंगणातल्या सगळ्या कुटुंबासोबतच्या फोटोत कोपऱ्यात बसलेला कुत्रा कापून मोठा केला, तर ही अट पूर्ण होत नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरने वाढवलेले पिक्सेल हा त्या प्राण्याचा खरा तपशील नसून अंदाज असतो.

डोळे

डोळे चुकले तर बाकी सर्व बरोबर असूनही काम फसते, म्हणून यावर थोडे थांबतो. कुत्रा आणि मांजर यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे उजेड परावर्तित करणारा थर असतो. रात्री फ्लॅशने फोटो घेतला की हा थर चमकतो आणि बाहुलीच्या जागी हिरवट किंवा पिवळा दिवा दिसतो. लेझरमध्ये हा दिवा पांढऱ्या भोकासारखा उतरतो, उठावात तो डोळ्यातून बाहेर आलेला मणी होतो. अशा फोटोत डोळा दुरुस्त करण्याऐवजी दुसऱ्या, दिवसाउजेडी घेतलेल्या फोटोतला डोळा पाहून तो नव्याने आखावा.

गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी सर्वांत सरावलेला हात शेवटी करतो, आणि ती शिस्त येथेही पाळण्यासारखी आहे. बाहुली गडद, तिच्याभोवतीचे बुबुळ मध्यम, आणि वरच्या अर्ध्या भागात एका बाजूला उजेडाचा एकच बारीक ठिपका, तोही दोन्ही डोळ्यांत त्याच बाजूला. फोटोत अनेकदा खिडकी, ट्यूबलाइट आणि आकाश असे तीन ठिपके उमटलेले असतात, त्यांतला एकच ठेवून बाकीचे पुसावेत, नाहीतर नजर विस्कळीत होते. लाकडी उठावात बाहुली खोल छिद्रासारखी खणून तिच्या वरच्या कडेला लाकडाचा इवलासा कण उंच सोडला, तर तोच कण उजेड पकडतो आणि नजर जिवंत वाटते. वरच्या पापणीची सावली डोळ्यावर थोडी पडली पाहिजे, नाहीतर प्राणी दचकलेला दिसतो. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग सहसा फार थोडा दिसतो, आणि माणसाच्या डोळ्याच्या सवयीने कोरणारा तो जास्त दाखवून बसतो. डोळा पुरा होईपर्यंत हे जरूर तपासावे.

अंगाचा रंग आणि माध्यम

लेझर लाकूड जाळतो, म्हणून लाकडावर खूण गडद होते. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर मात्र तोच लेझर पृष्ठभागावरचे खनिजकण सूक्ष्मपणे फोडतो आणि खूण पांढरट होते. त्यामुळे ग्रॅनाइटसाठी चित्र उलटे, म्हणजे निगेटिव्ह करून द्यावे लागते, आणि हे राहून गेले तर फोटोच्या जुन्या निगेटिव्हप्रमाणे भुतासारखा चेहरा उमटतो. तक्रार जर “चेहरा उलटा जळल्यासारखा आहे” अशी असेल, तर प्रथम हेच तपासावे.

परंतु उलटे करून दिल्यानेही सगळे सुटत नाही. पांढऱ्या किंवा फिकट अंगाच्या प्राण्याला काळा ग्रॅनाइट उत्तम शोभतो, कारण दगडाचा काळा रंग पार्श्वभूमी होतो आणि केस पांढऱ्या बारीक रेषांनी उमटतात. तोच पांढरा बोका शिवणीच्या फिकट लाकडावर घेतला, तर तो लाकडातच विरून जातो आणि दोन डोळे व नाक तेवढे तरंगत राहतात. उलट काळ्याकुट्ट कुत्र्याचा फोटो लाकडावर तसाच जाळला, तर एक करपलेला डाग मिळतो. काळ्या प्राण्यासाठी मी नेहमी असा फोटो शोधायला सांगतो ज्यात बाजूने किंवा मागून उजेड येऊन अंगाच्या कडेवर चमक आली आहे. ती चमक हीच त्याची रेषा असते. फोटोत गडद छटा उजळवून केसांचे प्रवाह दिसू लागतील इतका फरक आणावा, आणि तरीही तपशील नसेल तर लेझर सोडून हाताच्या उठावाकडे वळावे, कारण उठावात रंगाचा प्रश्नच उरत नाही.

उठावात मग वेगळा प्रश्न येतो. कपाळावरचा पांढरा टिळा, एकाच पायातला मोजा, डोळ्याभोवतीचा काळा ठिपका या खुणा रंगाच्या असतात, त्यांना उंची नसते, आणि घरचे लोक प्राण्याला नेमके त्यांनीच ओळखतात. त्या दाखवण्यासाठी तो भाग उंच करणे चूक आहे. पोत बदलणे हा योग्य उपाय आहे: अंगावर पटाशीच्या केसाळ रेषा ठेवून टिळ्याचा भाग पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा, किंवा गडद भागाला तेवढ्यापुरता पातळ डाग द्यावा. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी कुटुंबाला एकच प्रश्न विचारावा, की रस्त्यावर अशाच दहा कुत्र्यांत तुम्ही आपला कसा ओळखला असता. फाटलेला कान, वाकडी शेपटी, एका बाजूला बाहेर येणारा दात अशी जी उत्तरे येतात, ती फोटोत अनेकदा दिसतही नाहीत.

केसांबाबत एवढेच सांगतो, की एकेक केस कोरण्याचा अट्टहास करू नये. केस झुपक्यांनी वाहतात, आणि नाकावरून कपाळाकडे, तेथून कानांकडे, गालावरून मानेकडे अशा त्यांच्या दिशा ठरलेल्या असतात. दिशा बरोबर असेल तर थोड्या खोल रेषा पुरतात.

फोटोवर आधारित लेझरचे काम अस्पष्ट येत असेल तर आणखी दोन जागा पाहाव्यात. पहिली जागा डिदरिंगची, म्हणजे छटांचे ठिपक्यांत रूपांतर करण्याची. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिळते, जार्विस ही दुसरी, थोडी मऊ छटा देणारी पद्धत. केसाळ प्राण्यांसाठी मला दुसरी बरी वाटते, पण त्याच लाकडाच्या तुकड्यावर केवळ एका डोळ्याचा भाग दोन्ही पद्धतींनी काढून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. दुसरी जागा फोकसची. पावसाळ्यात फळी किंचित वाकलेली असते, आणि तिच्या मध्यभागी लावलेला फोकस कडेला चुकतो, त्यामुळे नाक स्पष्ट आणि कान धूसर असा विचित्र परिणाम दिसतो.

लाकूड, दगड आणि आपली हवा

सागवानाचा आग्रह बहुतेक कुटुंबे धरतात, कारण ते टिकते, आणि ते खरेही आहे. परंतु सागाच्या वाढीच्या वलयांत घट्ट आणि सच्छिद्र पट्टे एकाआड एक असतात, ते लेझरने सारखे जळत नाहीत, आणि प्राण्याच्या चेहऱ्यावरून पट्टे गेल्यासारखे दिसतात. हाताच्या, थोड्या मोठ्या उठावाला सागवान योग्य आहे, लेझरच्या फोटोला नव्हे. फोटोसाठी शिवण चांगली: फिकट, एकसारखी, आणि पटाशीला मऊ. फणसाचे लाकूड उठावात सुंदर दिसते, पण त्याचा पिवळा रंग काळाबरोबर तपकिरी होत जातो, हे आधीच सांगून ठेवावे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा हलका आणि मऊ असतो. रंगवलेल्या खेळण्याला तो अगदी योग्य आहे, बारीक पापणी मात्र त्यात टिकत नाही. आंब्याच्या लाकडाला कीड आणि बुरशी लवकर लागते. आपल्या अंगणातल्या ज्या आंब्याखाली कुत्रा बसत असे त्याच झाडाच्या फांदीत त्याला कोरावे, ही इच्छा मी समजू शकतो आणि तिचा आदर करतो, पण मग ते लाकूड पुरते वाळवून, कीडनाशक प्रक्रिया करूनच घ्यावे. सनबोर्डसारखा पीव्हीसी पत्रा मात्र लेझरखाली कधीही घालू नये, कारण तो जळताना क्लोरिनयुक्त विषारी आणि गंजवणारा वायू सुटतो.

ज्यांना आपल्या वाडीत, मातीत पुरलेल्या जागेवर दगड ठेवायचा असतो, ते साहजिकच जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा चिऱ्याचा दगड, सुचवतात. जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असतो. रत्नागिरी परिसरातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, कातळशिल्पे पाहिली, उदाहरणार्थ उक्षीचा हत्ती, तर जांभ्यात काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही हे एका दृष्टिक्षेपात कळते: मोठ्या मापाची, ठळक बाह्यरेषा तेथे उत्तम बसते, पापणी आणि मिशा बसत नाहीत. म्हणून जांभ्यात कोरायचेच असेल तर चेहरा समोरून घेऊ नये, बाजूने घ्यावा. कर्नाटकातील आतकूर येथे इसवी सनाच्या दहाव्या शतकात काली नावाच्या शिकारी कुत्र्याच्या स्मरणार्थ उभारलेला प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि त्यावरही कुत्रा रानडुकराशी झुंजताना कोरलेला आहे. देहाची ठेवण आणि कृती यांवरून ओळख पटवणे हे दगडाच्या स्वभावाला धरून आहे. चेहराच हवा असेल, तर जांभ्याच्या चिऱ्यात खाच करून ग्रॅनाइटची लहान पाटी बसवावी. ग्रॅनाइट घेताना कोपऱ्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवून पाहावा. काळा रंग बोळ्याला लागला, तर दगडाला वरून काळेपणा दिलेला आहे, आणि असा दगड उन्हात फिका पडून चित्राचा ठळकपणा घालवतो.

आता हवेविषयी. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या महिन्यांत. हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर उघडे लाकूड हळूहळू सुमारे २० टक्के ओलावा धरते. तीच आर्द्रता ६० टक्क्यांवर आली, की ओलावा ११ टक्क्यांच्या जवळ उतरतो. या चढउतारात लाकूड वलयांच्या दिशेने जेवढे फुगते-आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हलते, आणि या असमानतेमुळे पातळ फळी वाकते. “पहिल्या पावसाळ्यानंतर चेहरा वाकडा झाला” या तक्रारीचे मूळ येथे असते, आणि जवळजवळ नेहमी असे आढळते, की फळीच्या दर्शनी बाजूला पॉलिश आहे आणि मागची बाजू कोरी आहे. कोरी बाजू ओलावा पिते, पॉलिशची पीत नाही, आणि फळी पुढच्या बाजूला वळते. म्हणून जेवढे हात पुढे तेवढेच मागे आणि कडांना, विशेषतः आडव्या कापलेल्या टोकांना द्यावेत. हे काम मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात, वाळलेल्या लाकडावर करावे. भर श्रावणात स्पिरिट पॉलिश केले तर त्यात हवेतला ओलावा अडकून पांढरी झाक येते, आणि बारीक उठावातून ती काढणे फार त्रासाचे ठरते.

जवसाचे कच्चे तेल किंवा घरातले खोबरेल लावून लाकूड जपण्याची सवय येथे उपयोगाची नाही. जवसाच्या तेलावर बुरशी पोसली जाते आणि खोबरेल कधीच वाळत नाही, त्यावर धूळ बसून डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात. काजूच्या टरफलाचे तेल वाळवीपासून लाकूड वाचवते, पण ते लाकूड काळे करते आणि कातडीला भाजते, म्हणून मुलांचे हात ज्याला लागणार अशा वस्तूवर ते नको. पॉलियुरेथेनचे पातळ दोन-तीन हात पुरतात. ते जाड दिले तर उठावातल्या खाचा भरून चेहरा पुन्हा बोथट होतो. बुरशी आलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसू नये. कोरड्या मऊ ब्रशने झाडून, स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने आधी मागच्या बाजूवर चाचणी घेऊन मग खाचा पुसाव्यात, कारण स्पिरिटवर आधारलेले पॉलिश त्यात विरघळते.

टांगण्याची जागाही चेहऱ्यावर परिणाम करते. पडवीत पावसाची झड येते, म्हणून तेथे लाकडी काम टिकत नाही. नैर्ऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतीलाही ओल येते. माजघराची आतली भिंत सर्वांत चांगली, आणि मागे पाच-सहा मिलिमीटरची फट राहील अशा गुंड्या लावाव्यात. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे घ्यावेत, कारण लोखंड खारट हवेत गंजते आणि लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ओघळ सोडते. समोरच ट्यूबलाइट असेल तर उठाव सपाट दिसतो. उजेड बाजूने किंवा वरून तिरपा आला, की तोच चेहरा भरून दिसतो, आणि काही वेळा “ओळखू येत नाही” ही तक्रार एवढ्यानेच मिटलेली मी पाहिली आहे.

आधीच बिघडलेले काम

ज्यांच्याकडे चुकलेले स्मृतिचिन्ह आज भिंतीवर आहे, त्यांनी ते टाकून देण्यापूर्वी मेस्त्रींना दाखवावे. लेझरची जळकी खूण सहसा मिलिमीटरच्या अंशाएवढीच खोल असते, त्यामुळे पुरेशी जाड फळी रंधून, मागची बाजूही तेवढीच रंधून, त्याच लाकडावर नवे चित्र काढता येते. उठावात नाक खड्ड्यात गेले असेल तर तेथे त्याच जातीच्या लाकडाचे बूच, रेषांची दिशा जुळवून, सरसाऐवजी पाणी न लागणाऱ्या गोंदाने बसवून नाक नव्याने कोरता येते. जोड काळ्या नाकाच्या कडेवर आणला तर तो डागात लपतो. डोळे फार वर आले असतील तर ते खाली नेणे सोपे आहे. ते फार खोल गेले असतील, तर भुवया, गाल आणि कपाळ सर्व मिळून दोन-तीन मिलिमीटर खाली आणावे लागतात, आणि हे करण्याइतकी जाडी मागे शिल्लक आहे का ते आधी मोजावे. ग्रॅनाइटची पाटी चुकली असेल तर तीच उलटून मागचा पृष्ठभाग घासून-पॉलिश करून घेणे नव्या दगडापेक्षा स्वस्त पडते, मात्र नवे चित्र कोरण्यापूर्वी ते कागदावर प्रत्यक्ष मापात छापून, ज्यांनी त्या प्राण्याला रोज जेवण घातले त्यांच्या हातात द्यावे आणि त्यांनी होकार दिल्यावरच दगड मशीनवर चढवावा.